माळावरचा चंडोल आणि दर्यातलं पाकट

कर्जत तालुक्याच्या दक्षिणेला भीमा वाहते आणि पूर्व बाजूने सीना. मधला मुलूख पर्जन्यछायेतला. हलकी मुरमाड जमीन, कुसळी गवताचे माळ, मधूनच बोरी-बाभळी आणि अलीकडे कुकडीच्या पाण्यावर वाढलेला ऊस. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून जास्त लांब. अशा ठिकाणच्या चंडोलाची तुलना कोकणच्या समुद्रातल्या पाकटाशी करायला घेतली, तर कुणीही विचारेल, यांचा एकमेकांशी संबंध काय?

संबंध दोन प्रश्नांपुरता आहे. कोणताही प्राणी समोर आला की जीवशास्त्र आधी विचारतं, हा कुणाच्या कुळातला? मग विचारतं, याचं बरं चाललंय की हा संपत चाललाय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर वर्गीकरण देतं, दुसऱ्याचं संवर्धनस्थिती. शाळेच्या पुस्तकात ही दोन उत्तरं वेगवेगळ्या धड्यांत असतात. प्रत्यक्षात पहिलं उत्तर चुकलं की दुसरं फुकट जातं आणि पहिलं नीट समजलं की दुसऱ्यामागचं कारणही बरंचसं उलगडतं. चंडोल आणि पाकट यांची स्थिती दोन टोकांना आहे, म्हणून ही जोडी समजून घ्यायला सोयीची.

दोन प्राणी, दोन ओळखी

चंडोलांच्या जगभरात शंभराच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या काही कर्जत-श्रीगोंद्याच्या माळांवर सहज दिसतात. आपण घेऊ ती जात डोक्यावर छोटा तुरा असलेली, तांबूस-तपकिरी रंगाची, छातीवर मोजक्याच बारीक रेघा असलेली. शास्त्रीय नाव गॅलेरिडा देवा. हिला सर्वप्रथम शास्त्राच्या वहीत नोंदवलं कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ साली, आणि तेही दख्खनच्याच पठारावरून. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांना सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलं होतं. माणसं, शेती, पीकपाणी यांच्या नोंदी घेता घेता त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली. पुढे भीमा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवरही त्यांनी निबंध लिहिला. ही चंडोलाची जात भारताबाहेर सापडत नाही. महाराष्ट्र आणि आसपासच्या कोरड्या पठारी प्रदेशात तिचं मुख्य वास्तव्य. नर उंच उडत गातो आणि त्या गाण्यात इतर पक्ष्यांच्या आवाजांच्या नकला बेमालूम मिसळतो. घरटं मात्र जमिनीवर, गवताच्या बुडख्याशी किंवा ढेकळाच्या आडोशाला.

पाकट हे कोकणात चपट्या अंगाच्या एका मोठ्या गटाचं नाव. शेपटीला विषारी काटा असलेली पाकटं अनेकांनी मासळीबाजारात पाहिलेली असतात. याच गटात गिटार मासा येतो. पुढचा भाग त्रिकोणी आणि चपटा, मागचा भाग शार्कसारखा निमुळता, त्यामुळे वरून पाहिलं तर तंतुवाद्याचा आकार. आपल्या किनाऱ्यावर सापडणारी त्याची टोकदार नाकाची जात म्हणजे ग्लॉकोस्टेगस ग्रॅन्युलॅटस. फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८२९ साली तिचं वर्णन केलं, म्हणजे साइक्सच्या चंडोलाआधी अवघी तीन वर्षं. हा मासा किनाऱ्यालगतच्या उथळ, वाळूच्या तळावर राहतो. डोळे वर, तोंड आणि कल्ल्यांच्या पाच-पाच फटी पोटाकडच्या बाजूला. वाळूत अंग पुरून बसला की श्वासाचं पाणी डोळ्यांमागच्या भोकांतून आत घेतो. वाळूखालचं भक्ष्य त्याला दिसत नाही. त्या जिवाच्या स्नायूंतून निघणारी क्षीण वीज तो नाकाजवळच्या सूक्ष्म नलिकांनी ओळखतो.

मरळ कुणाची भाऊबंद?

आता दोघांची वंशावळ मांडू. दोघेही प्राणिसृष्टीतले, दोघेही पृष्ठरज्जुधारी आणि दोघांनाही कणा आहे. इथपर्यंत वाट एक. पुढे चंडोल पक्षिवर्गात जातो, तिथून पॅसेरीफॉर्मिस या गणात, तिथून अलॉडिडी या कुळात. गिटार मासा कास्थिमत्स्यांच्या वर्गात जातो. शार्क आणि पाकट यांच्या एकत्र उपवर्गात शिरून तो पाकटांच्या शाखेत, ऱ्हायनोप्रिस्टिफॉर्मिस गणात आणि शेवटी ग्लॉकोस्टेगिडी कुळात पोचतो. कास्थिमत्स्य म्हणजे ज्यांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा आहे ते. आपल्या कानाचा वरचा भाग ज्या लवचीक पदार्थाचा असतो, तोच हा.

यातून एक गोष्ट निघते, ती पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. भीमेतली मरळ घ्या. मरळ मासा आणि पाकटही मासा, म्हणजे ती दोघं जवळची आणि चंडोल परका, असं आपण धरून चालतो. वंशावळ उलटं सांगते. चाळीस कोटी वर्षांहूनही आधी जबड्याच्या कणाधारी प्राण्यांच्या दोन शाखा फुटल्या. एक कूर्चेच्या सांगाड्याची, दुसरी हाडांच्या सांगाड्याची. या दुसऱ्या शाखेतून पुढे रोहू, मरळ, पापलेट झाले आणि तिच्याच एका फांदीतून पायांचे प्राणी जमिनीवर आले. बेडूक, सरडे, मगरी, पक्षी आणि आपण, सगळे त्यांचेच वंशज. म्हणजे मरळ आणि चंडोल यांचा पूर्वज एक झाला, त्याच्याही आधी पाकटांची वाट वेगळी झाली होती. मरळ नात्याने चंडोलाला जवळची आहे, पाकटाला लांबची. ‘मासा’ हा शब्द पाण्यातल्या राहणीवरून पडला, रक्ताच्या नात्यावरून नव्हे.

अशी चूक मोठमोठ्यांकडूनही झाली. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ च्या आपल्या ग्रंथात चंडोलाला पक्ष्यांतच, योग्य ठिकाणी बसवलं. पाकटांना मात्र त्याने माशांत न घालता उभयचरांत टाकलं. त्यांना फुप्फुसं असतात, अशी त्याची समजूत होती.

गाणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत आपलीही समजूत तपासण्याजोगी आहे. शास्त्रात ‘गाणारे पक्षी’ हा एक निश्चित गट आहे. स्वरयंत्राची विशिष्ट स्नायुरचना आणि सुरुवातीच्या वयात ऐकून गाणं शिकण्याची क्षमता या त्याच्या खुणा. पक्ष्यांच्या सुमारे अकरा हजार जातींपैकी अर्ध्याहून जास्त पॅसेरीफॉर्मिस गणात येतात आणि त्यांतल्या बहुसंख्य या गाणाऱ्या गटातल्या. चंडोल त्यात आहे. कावळाही आहे. वसंतात ज्याच्या आवाजाचं आपल्याला अप्रूप, तो कोकीळ मात्र त्यात नाही, कारण त्याचा गणच वेगळा. गोडवा हा वर्गीकरणाचा निकष नव्हे.

चंडोलाच्या पायाच्या मागच्या बाजूचे खवले आणि स्वरयंत्राची ठेवण इतर गाणाऱ्या पक्ष्यांहून वेगळी आहे. त्यामुळे पूर्वी त्याला गटात कुठे बसवायचं, यावर वाद होता. डीएनएच्या अभ्यासाने त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक शोधला, तो युरोप-आशियाच्या बोरूबनात राहणारा एक लहानसा मिशीवाला पक्षी निघाला. गिटार माशांच्या या गटालाही स्वतंत्र कूळ मिळालं ते अलीकडे, २०१६ मध्ये. वर्गीकरण दगडावर कोरलेलं नसतं, पुरावा बदलला की तेही बदलतं.

नाव चुकलं, संरक्षण हुकलं

वर्गीकरणाची ही उलथापालथ तज्ज्ञांपुरती राहिली असती, तर तिची दखल घ्यायचं कारण नव्हतं. पण कायदा प्राण्यांना शास्त्रीय नावाने ओळखतो आणि तिथे चुकीची किंमत मोजावी लागते.

२००१ साली भारताने शार्क आणि पाकटांच्या दहा जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या. वाघाला मिळतं ते संरक्षण त्यांना मिळालं. त्यात देवमुशी होती, करवत मासे होते आणि रिंकोबॅटस जिडेन्सिस नावाचा गिटार माशांचा एक मोठा भाऊबंदही होता. पुढे अभ्यासातून दिसलं, की जिडेन्सिस ही जात तांबड्या समुद्रापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या पाण्यात राहते. आपल्याकडे जाळ्यात येतात त्या दिसायला तशाच, पण वेगळ्या जाती. म्हणजे कागदावर संरक्षण मिळालं ते इथे नसलेल्या माशाला आणि इथे असलेले मासे कायद्याच्या नावात बसेनात. यादीतल्या करवत माशांपैकी प्रिस्टिस मायक्रोडॉन हे नावही नंतर प्रिस्टिस प्रिस्टिस या जातीत विलीन झालं. टोकदार नाकाच्या गिटार माशाचं नाव तर त्या यादीत नव्हतंच.

करवत माशाबद्दल आणखी एक. लांब करवतीसारखं नाक आणि शार्कसारखी शेपटी पाहून त्याला शार्कच्या जातीतला समजतात. पण कल्ल्यांच्या फटी पोटाकडे आहेत, म्हणून तो पाकटांतला. बंदरावर उतरलेला मासा कोणता, हे ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण: फटी बाजूला असतील तर शार्क, खाली असतील तर पाकट.

लाल यादीचं गणित

आता दुसरा प्रश्न. जगभरच्या जातींची स्थिती ठरवण्याचं काम आययूसीएन ही आंतरराष्ट्रीय संघटना १९६४ पासून लाल यादीतून करते. ‘सध्या चिंता नाही’, ‘संकटसमीप’, ‘असुरक्षित’, ‘संकटग्रस्त’, ‘अतिसंकटग्रस्त’ अशा चढत्या पायऱ्या आहेत. त्यापुढे ‘केवळ बंदिवासात शिल्लक’ आणि ‘नष्ट’. ज्यांच्याबद्दल पुरेसं माहीत नाही, त्यांच्यासाठी ‘माहिती अपुरी’ असा वेगळा कप्पा.

पायरी ठरते ती आकड्यांवर. एक कसोटी घटीची आहे. संख्या ३० टक्क्यांनी घटली तर असुरक्षित, ५० टक्क्यांनी घटली तर संकटग्रस्त, ८० टक्क्यांनी घटली तर अतिसंकटग्रस्त. ही घट किती काळात मोजायची? दहा वर्षं किंवा त्या जातीच्या तीन पिढ्या, यांपैकी जो काळ मोठा असेल तो. दुसरी कसोटी क्षेत्राची, तिसरी उरलेल्या प्रौढ जिवांच्या संख्येची. अशा पाच कसोट्यांपैकी एकीत जरी प्राणी बसला, तरी पायरी ठरते.

या कसोट्यांवर साइक्सचा चंडोल ‘सध्या चिंता नाही’ या पायरीवर आहे. टोकदार नाकाचा गिटार मासा २०१९ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, म्हणजे नष्ट होण्याच्या अगदी तोंडावर. त्या वर्षी गिटार मासे आणि त्यांचे जवळचे भाऊबंद मिळून सोळा जाती तपासल्या गेल्या, त्यांतल्या पंधरा अतिसंकटग्रस्त ठरल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराने निर्बंध घातले.

दोघांच्या मोठ्या कुटुंबांतही हाच फरक दिसतो. पक्ष्यांत साधारण आठांपैकी एक जात धोक्यात आहे. शार्क आणि पाकटांत एक-तृतीयांशाहून जास्त, आणि त्यांतही शार्कपेक्षा पाकटांची अवस्था वाईट. इंडोनेशियातल्या जावाच्या एका छोट्या पाकटाचा फक्त एक नमुना शास्त्राच्या हाती आहे. तो १८६२ मध्ये आजच्या जकार्तातल्या मासळीबाजारातून घेतला होता. डिसेंबर २०२३ मध्ये ही जात नष्ट म्हणून जाहीर झाली. माणसामुळे संपलेला पहिला सागरी मासा अशी तिची नोंद झाली आहे.

कुळाने ठरवलेली गती

हा फरक नशिबाचा नाही. त्याचं मूळ पुन्हा वंशावळीत सापडतं.

चंडोलाचं आयुष्य थोडक्यात उरकतं. वर्षभरात तो विणीला तयार होतो. पावसाळ्याच्या सुमाराला दोन-तीन अंडी, दोनेक आठवड्यांत पिल्लं. एक घरटं कुत्र्याने किंवा नांगराने गेलं, तर जोडी पुन्हा प्रयत्न करू शकते. बरी वर्षं आली की संख्या सावरते.

पाकटांचा हिशेब वेगळा. पापलेट-बांगड्यासारखे हाडांचे मासे हजारो-लाखो अंडी पाण्यात सोडतात. त्यांतली थोडी जगली तरी वंश चालतो. गिटार माशाची मादी मात्र पिल्लं पोटात वाढवते आणि एका वेळी मोजकीच जन्माला घालते. प्रौढ व्हायलाच काही वर्षं लागतात. त्यामुळे तिच्या तीन पिढ्या म्हणजे काही दशकं, आणि लाल यादी घट मोजते ती तेवढ्या लांबच्या काळात. आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरची जाळी तळ खरवडायला लागली तो काळ आणि या माशाच्या गेल्या काही पिढ्यांचा काळ एकच आहे. हा मासा राहतो किनाऱ्याजवळच्या उथळ तळावर, म्हणजे जाळं जिथून रोज फिरतं तिथेच. त्याला पकडायला कुणी मुद्दाम जात नसलं, तरी कोळंबीबरोबर तो वर येतो. त्यात गिटार माशांच्या परांना परदेशी बाजारात चढा भाव. भारताने २०१५ मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद केली, पण जाळ्यात अपघाताने येणं त्याने थांबत नाही. हळू वाढणाऱ्या प्राण्याला वेगाने पकडलं, की पायऱ्या चढायला वेळ लागत नाही.

‘चिंता नाही’ म्हणजे काय नाही?

मग कर्जतच्या चंडोलाबद्दल निश्चिंत राहायचं का? इथे लाल यादीची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. दुष्काळी भागातल्या माणसाला पैसेवारी ठाऊक असते. पन्नास पैशांच्या वर-खाली जो आकडा निघतो, तो अख्ख्या गावाचा. पैसेवारी साठ पैसे लागली म्हणून एखाद्याच्या वावरात पीक उभं असेलच असं नाही. लाल यादीचंही तसंच. ती अख्ख्या जातीची, तिच्या सगळ्या प्रदेशाची सरासरी सांगते. एका तालुक्याचा माळ रिकामा झाला, तर त्या आकड्याला धक्काही लागत नाही.

आणि कर्जतचा माळ बदलतोय. गवताळ जमीन महसुली आणि सरकारी नजरेत बहुधा ‘पडीक’ ठरते. पडीक म्हटलं की तिचं काहीतरी भलं करायचं, असं ओघानेच येतं. तिथे चर खोदले जातात, ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ लावली जाते, मुरूम उचलला जातो, पाणी आलं तर ऊस येतो. झाड लावणं पुण्याचं, ही भावना चांगलीच. पण जमिनीवर घरटं करणाऱ्या, उघड्या आभाळात गाणाऱ्या पक्ष्याला सावलीची झाडी उपयोगाची नाही. त्याला हवा विरळ गवताचा माळ, ज्यावर मेंढ्या माफक चरून जातात आणि मधे मोकळी जागा राहते. माळ हे अपुरं राहिलेलं जंगल नव्हे. कमी पावसाच्या, उथळ मातीच्या या प्रदेशात तोच निसर्गाचा पूर्ण आकार आहे.

याच माळाने एक उदाहरण आधीच दाखवलं आहे. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतलं ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्यात कर्जत, श्रीगोंदा, नेवासे या तालुक्यांचा भाग होता. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आटलं. माळढोक आज अतिसंकटग्रस्त आहे. तो गाणारा पक्षी नाही, चंडोलाशी त्याचं जवळचं नातंही नाही. पण दोघांचं घर एकच. मोठा, सावकाश वाढणारा, वर्षाला बहुधा एकच अंडं घालणारा माळढोक आधी गेला. पाकटाला जे समुद्रात झालं, तेच त्याला माळावर झालं. छोटा, भराभर वाढणारा चंडोल तग धरून आहे. वंशावळीत माळढोक चंडोलाच्या बाजूला बसतो, संकटाच्या यादीत मात्र गिटार माशाच्या.

त्याच तालुक्यात दिलासा देणारं उदाहरणही आहे. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० मध्ये झालं. क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. काळवीट आज लाल यादीत ‘सध्या चिंता नाही’ या पायरीवर आहे आणि भारतीय कायद्यात पहिल्या अनुसूचीत. वरवर पाहता ही विसंगती वाटते. पण लाल यादी संकट मोजते आणि कायदा संरक्षण देतो. संकट उतरलं ते संरक्षण टिकल्यामुळे. आकडा सुधारला म्हणून संरक्षण काढलं, तर आकडा पुन्हा घसरायला वेळ लागणार नाही.

चंडोलाच्या बाबतीत आपल्या हाती एक साधन आहे, जे पाकटाच्या बाबतीत सहज मिळत नाही. तो दिसतो आणि मोजता येतो. देशभरच्या सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांनी ई-बर्डवर केलेल्या तीन कोटी नोंदींवरून २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल तयार झाला. त्यात ९४२ जाती तपासल्या गेल्या आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यावं असं ठरलं. उघड्या माळरानावरच्या पक्ष्यांची घसरण त्यात ठळकपणे दिसते. अशा नोंदी शहरांभोवती भरपूर असतात, तालुक्याच्या माळांवर कमी.

ती उणीव कर्जतचे शिक्षक, विद्यार्थी, मेंढपाळांची मुलं भरून काढू शकतात. मोबाइल हाती आहे, पक्षी दाराशी आहे. पावसाच्या सुरुवातीला सकाळी अर्धा तास माळावर थांबा, दिसलेले-ऐकलेले पक्षी नोंदवा, दर वर्षी त्याच जागी नोंदवा. आणि ग्रामसभेत गायरानावर झाडं लावायचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी एवढंच विचारा की त्या गवतात आज कोण राहतं.